विहिणीची पंगत आणि अण्णांचे ताट

लेकीच्या लग्नाचा स्वागत-समारंभ दोन दिवसांवर आला होता. केटरर रात्री दवाखान्यात आले, शेवटचा रुग्ण बाहेर पडेपर्यंत बाकावर बसून राहिले आणि मग वही उघडून म्हणाले, “डॉक्टरसाहेब, मेन टेबल किती जणांचे धरू?”

बुफेच्या चार रांगा, चाटचे दोन स्टॉल आणि व्यासपीठाच्या उजव्या हाताला पांढरे कापड घातलेले, फुलांनी सजवलेले एक लांब टेबल. त्यावर वधू-वर, व्याही, विहीणबाई आणि दोन्हीकडचे जवळचे लोक. हल्ली सगळीकडे अशीच रचना असते. मी म्हणालो, “ते बारा जणांचे धरा. आणि आणखी एक टेबल लावायचे आहे, चौदा जणांचे. ते मात्र मी स्वतः मांडणार.”

त्यांचे पेन थांबले. वधूपित्याने त्या संध्याकाळी फेटा बांधून दारात उभे राहायचे असते. टेबले मांडणे हे काही त्याचे काम नव्हे. मी त्यांना कारण सांगितले नाही. आपणाला सांगतो.

बजाजनगर हे तसे तरुण गाव. वाळूज औद्योगिक वसाहतीत १९८५ साली बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्या आधाराने ही वस्ती वाढली. बीड, जालना, परभणी, बुलढाणा, जळगाव अशा जिल्ह्यांतून विशी-पंचविशीतली मुले कामाला आली, येथेच त्यांनी घरे केली. मी दवाखाना थाटला तेव्हा माझ्या रुग्णांत म्हातारे माणूस शोधावे लागे. आज त्याच मुलांच्या निवृत्तीचे पेढे माझ्या टेबलावर येतात. गावाकडचे आईवडील त्यांच्यापाशी राहायला आले आहेत आणि नातवंडांची लग्ने लागत आहेत. त्यामुळे येथल्या प्रत्येक लग्नात आता ऐंशीच्या पुढची दहा-पंधरा माणसे असतात. ती कोठे बसतात, काय जेवतात, किंबहुना जेवतात की नाही, हे पाहणारे मात्र कोणी नसते.

हे मी इतक्या खात्रीने म्हणतो, कारण एके काळी मीही पाहिले नव्हते.

नऊ वर्षांपूर्वी माझ्या पुतण्याचा स्वागत-समारंभ होता. माझे वडील, अण्णा, तेव्हा ७८ वर्षांचे. गावी शाळामास्तर होते. निवृत्तीनंतर आमच्याकडे राहत. मधुमेह जुना, इन्सुलिन सुरू, आणि उजव्या हाताला नुकताच कंप सुरू झालेला. आठला जेवण आहे असे आम्ही त्यांना सांगितले होते. त्यांनी शिस्तीने साडेसातला घरी इन्सुलिन घेतले आणि कोट घालून आमच्याबरोबर निघाले. मंडपात पोहोचल्यावर कळले की वधू-वर अजून तयार होत आहेत. मग ते आले, मग छायाचित्रे सुरू झाली, आणि आधी घरच्यांनीच ताटे कशी घ्यायची म्हणून आम्ही थांबलो. मी दारात हात जोडून उभा होतो.

नऊच्या सुमारास कोणीतरी येऊन सांगितले की अण्णा कोपऱ्यात घामाघूम होऊन बसले आहेत. गर्दीने उकडले असेल, हा माझ्या मनात आलेला पहिला विचार. वैद्यकीचा मला तेव्हा वीस वर्षांहून अधिक अनुभव होता, तरी पहिला विचार हाच. जवळ गेलो तर ते माझ्याकडे पाहत होते, पण ओळख पटल्यासारखी नव्हती. गाडीतले ग्लुकोमीटर आणले. साखर ४८. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजली, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासले, पुन्हा पाजली. ते शुद्धीत होते आणि गिळू शकत होते, म्हणून हे करता आले. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालायचे नसते.

थोड्या वेळाने सावरल्यावर मी विचारले, “अण्णा, तुम्ही काही घेतले का नाही?” ते म्हणाले, “भूक नव्हती रे.” खरे काय ते मला नंतर माझ्या भाच्याने सांगितले. अण्णा दोनदा रांगेत उभे राहिले होते. एका हातात ताट, दुसऱ्या हाताला कंप, मागून येणारी गर्दी. पहिल्या वेळी आमटी कोटावर सांडली. दुसऱ्या वेळी ताट रिकामेच ठेवून ते परत आले.

त्यानंतर तीन वर्षे ते जगले, पण कोणाच्याही लग्नाला गेले नाहीत. पत्रिका आली की म्हणत, “तुम्ही जाऊन या. आहेर माझ्या नावाने द्या.”

ज्या माणसाने असे म्हणावे, तो एके काळी पंगतीचा राजा होता. गावात कोणाचेही कार्य असो, वाढप्यांवर देखरेख अण्णांची. पंगत बसली की दोन रांगांमधून ते सावकाश चालत; कोणाचा वरणभात संपला, कोणाची पुरी तशीच पडली आहे, हे त्यांना लांबून दिसे. म्हातारे माणूस जेवेना तर ते त्याच्यापुढे उकिडवे बसत आणि हलक्या आवाजात विचारत. मग वाढप्याला खूण होई आणि त्या पत्रावळीवर मऊ भात येई, त्यावर जास्तीचे वरण. शेवटी “सावकाश होऊ द्या” असे म्हणून ते पुढे सरकत. हा शिष्टाचार आहे, एवढेच मला लहानपणी वाटे. आता डॉक्टर म्हणून पाहतो तेव्हा लक्षात येते की तो राउंड होता. वॉर्डात आम्ही घेतो तसाच.

पानाच्या मांडणीचेही तसेच. वर मध्यभागी मीठ. त्याच्या डाव्या हाताला लिंबाची फोड, चटणी, लोणचे, कोशिंबीर, म्हणजे चवीपुरते थोडे थोडे खायचे पदार्थ. उजव्या हाताला भाजी आणि आमटी, म्हणजे पुन्हा पुन्हा घ्यायचे पदार्थ. मधोमध भाताची मूद, वर वरण आणि तूप. आमच्याकडच्या गावपंगतीत एवढे प्रकार नसत. भात, वरण, वांग्याची भाजी, पुरी आणि बुंदी एवढ्यावर कार्य उरकत असे. तरीही जागा ठरलेल्या असत. माझ्या आजीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता, पण पंगतीत तिने कोणाला “हे काय आहे?” म्हणून विचारलेले मला आठवत नाही. तिची बोटे पानावर बरोबर जागी जात. बुफेच्या ताटात गुलाबजामाचा पाक पुलावात शिरतो आणि रायत्यात पापड भिजतो. तेथे डोळस माणूसही गोंधळतो.

जुने तेवढे सोने, असे मला म्हणायचे नाही. त्या पंगतींत पंक्तिभेद होता, कोणाला कोठे बसवायचे हे जातीवरून ठरे, आणि घरच्या बायका सर्वांच्या शेवटी, उरले-सुरले जेवत. अण्णा स्वतः या गोष्टीवरून गावकऱ्यांशी भांडले होते. आग्रहाचा अतिरेक करून मधुमेही माणसाला चार जिलब्या खाऊ घालणारेही तेथेच असत. आणि गुडघे झिजलेल्या किंवा खुब्याचा सांधा बदललेल्या माणसाला आज जमिनीवर मांडी घालायला लावणे हा छळच होईल. मला हवे होते ते पंगतीतले लक्ष, आणि टेबल-खुर्चीची सोय.

त्याचा नमुना आपल्याकडे आहेच: विहिणीची पंगत. लग्नात वरमाईसाठी खास मांडलेली. पाटाभोवती रांगोळी, चांदीची किंवा घासून लख्ख केलेली ताटे, महिरप, समई, उदबत्ती, आणि ती जेवत असताना बायकांनी म्हटलेले गाणे. घरातली सगळी हुशारी तेथे पणाला लागे, कारण विहीण रुसता कामा नये. मी बायकोला म्हणालो, “आपल्या चौदा म्हाताऱ्यांना आपण विहीण समजायचे.” ती हसली, आणि कामाला लागली.

आदल्या दिवशी दुपारी मोजपट्टी घेऊन मी कार्यालयात गेलो. जागा प्रथम ठरवली. ध्वनिक्षेपकांपासून सर्वांत लांबची भिंत, कारण श्रवणयंत्राला गाणे आणि बोलणे वेगळे करता येत नाही; सगळेच कानात घुसते आणि माणूस यंत्र काढून खिशात ठेवतो. हात धुण्याची जागा आणि स्वच्छतागृह पंधरा-वीस पावलांवर, वाटेत पायरी नाही, गालिच्याची दुमडलेली कड नाही, विजेची वायर नाही. वर भरपूर पांढरा उजेड. मंद दिवे छायाचित्रांत छान दिसतात, परंतु ऐंशीच्या डोळ्यांना विशीच्या डोळ्यांपेक्षा कितीतरी अधिक प्रकाश लागतो.

मग खुर्च्या. रेशमी झबले चढवलेल्या त्या सोनेरी खुर्च्यांना हात नसतात, आणि ते कापड निसरडे असते. गोदामातून हातांच्या जुन्या लाकडी खुर्च्या शोधून काढल्या. उठताना दोन्ही हातांवर भार देता आला पाहिजे, बसल्यावर दोन्ही तळपाय जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत आणि कोपर टेबलावर सहज यावे. दोन ठिकाणी बुटक्या आज्यांसाठी पायाखाली पाट ठेवले. पाटाचा एवढा चांगला उपयोग मला आधी सुचला नव्हता. दोन खुर्च्यांमध्ये वॉकर जाईल इतके अंतर ठेवले आणि चाकाच्या खुर्चीसाठी एक जागा मोकळी सोडली.

टेबलाचे कापड जमिनीपर्यंत लोळणारे होते. त्यात काठीचे टोक अडकते. ते वीतभर खाली येईल असे दुमडून आतून टाचले. शिवाय कापड पांढरे, ताट पांढरे, भात पांढरा, दही पांढरे! अंधुक दृष्टीला ताट कोठे संपते तेच कळत नाही. २००४ साली बॉस्टनच्या संशोधकांनी स्मृतिभ्रंशाच्या प्रगत अवस्थेतील काही रुग्णांना पांढऱ्याऐवजी गडद लाल ताटांत जेवायला दिले, तेव्हा त्यांचे खाणे सुमारे २५ टक्क्यांनी वाढले. अभ्यास लहान होता, जेमतेम नऊ रुग्णांचा, पण माझ्या अनुभवाशी जुळणारा. आम्ही कापड गडद मरून घेतले आणि ताटात केळीचे पान घातले. हिरव्यावर पांढरा भात, पिवळे वरण, लाल गाजराची कोशिंबीर. याला संशोधनाची गरज नव्हती. आमच्या आज्या हेच करत होत्या.

पाण्याच्या छोट्या बाटल्या मी टेबलावरून उचलून घ्यायला लावल्या. संधिवाताच्या बोटांना ती झाकणे उघडत नाहीत, आणि माणूस लाजेने तहानलेला राहतो. कागदी पेलेही नकोत; हातात धरताच ते चेपतात. बुडाला रुंद, जड असे स्टीलचे पेले, अर्धेच भरलेले. द्रोणाऐवजी जड वाट्या. चमचे जाड दांड्याचे, मोठे. केटररच्या मुलांनी हातरुमालांचे पंखे करून पेल्यांत खोचले होते. ते मी राहू दिले. त्यांच्या हौसेचाही काही मान असतो.

बायकोशी एकाच मुद्द्यावर वाद झाला. प्रत्येकाच्या जागी मोठ्या अक्षरांत नावाची पाटी असावी आणि मागे ‘साखर नको’, ‘मीठ बेताने’, ‘भात मऊ’ अशी टीप असावी, अशी माझी कल्पना होती. ती म्हणाली, “लग्नात आलेत ते. केसपेपर घेऊन नाही आलेत.” मी गप्प बसलो. पाट्यांवर नुसती नावे राहिली. बाकीची यादी मी दोन वाढप्यांना तोंडी समजावली. प्रत्येकाच्या घरी फोन करून, विचारून ती केलेली होती. दवाखान्यात कळलेली गोष्ट मंडपात वापरायची तर परवानगी हवीच.

जेवण तेच, जे बाकी सर्वांना. म्हाताऱ्यांना लग्नात वेगळी खिचडी वाढणे म्हणजे त्यांना दवाखान्यात परत पाठवणे. फक्त भात थोडा जास्त शिजवलेला, पुऱ्या गरम आणि मऊ, वांग्याची भाजी देठ-बियांची निवडून, जिलबी अर्धी. लोणचे आणि पापड पानावर आधीच न वाढता मागेल त्याला. दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे सुमारे एक चहाचा चमचा, याहून कमी मीठ असावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. लग्नाच्या एका जेवणात ते केव्हाच ओलांडले जाते.

चौदा जणांत एक शेजारचे काका होते. दोन वर्षांपूर्वी त्यांना पक्षाघात झाला. पाणी पिताना ठसका लागतो. अशा माणसांना पातळ पदार्थच अधिक त्रास देतात, हे घरच्यांच्या ध्यानात येत नाही. ते भात टाळतात आणि पाणी भरभरून पाजतात. काकांना किती घट्ट पदार्थ चालतो हे त्यांच्या थेरपिस्टने ठरवून दिलेले होते, त्याप्रमाणे त्यांच्या पेल्यात घट्टसर मठ्ठा ठेवला. त्यांच्या सूनबाईंना मी शेजारी बसवले: घास लहान, पाठ ताठ, हनुवटी किंचित खाली, तोंडात घास असताना त्यांच्याशी बोलायचे नाही, आणि जेवणानंतर अर्धा तास आडवे व्हायचे नाही. वाढप्यांना हेही शिकवले की कोणी जोरात खोकत असेल तर खोकू द्या. आवाजच फुटेना, श्वास घेता येईना, तर पुढे वाकवून खांद्यांच्या मध्ये तळहाताने पाच जोरदार थापा. न निघाल्यास मागून मिठी घालून बेंबीच्या वर पाच वेळा आत आणि वर दाब, आणि तोवर दुसऱ्याने १०८ ला फोन करायचा. त्यांतला एक वाढपी विशीचा मुलगा होता. त्याने हे दोनदा करून दाखवायला लावले.

आणि वेळ. पावणेआठ म्हणजे पावणेआठ. वधू-वर व्यासपीठावर असोत वा नसोत, या टेबलावर पाने वाढली जाणार, हे मी व्याह्यांना आधीच सांगून ठेवले. ज्यांना इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या चालू आहेत, त्यांच्या घरच्यांना निरोप होता: औषध घरून घेऊन निघू नका, बरोबर आणा, येथे पाने मांडायला लागली की मी सांगतो. औषध आणि जेवण यांत किती अंतर ठेवायचे हे प्रत्येक औषधाचे निराळे असते, ते आपल्या डॉक्टरांना विचारून घ्यावे. एक मात्र सर्वांनी ध्यानात ठेवावे. लग्नाला जाताना खिशात साखरेची पुडी असू द्या. घाम, थरथर, गोंधळल्यासारखे होणे अशी लक्षणे दिसली की प्रथम तीच द्यायची. गुलाबजाम नको, त्यातल्या तुपामुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते.

त्या संध्याकाळी सगळे काही माझ्या मनासारखे झाले असे नाही. एका आजोबांच्या कंप पावणाऱ्या हाताबरोबर केळीचे पानच ताटात फिरू लागले. शेवटी ते काढून गडद रंगाची थाळी दिली. हात धुवायला लिंबू घातलेले कोमट पाणी वाटीतून दिले, तर एका आजींनी ते सरबत समजून निम्मे पिऊन टाकले आणि “साखर विसरलात” म्हणाल्या. कारखान्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ तर पाच मिनिटांत उठले. “डॉक्टर, मी काय आजारी आहे का? मला पाणीपुरी खायची आहे.” आणि ते तरुण पोरांच्या रांगेत जाऊन उभे राहिले. मी त्यांना अडवले नाही. टेबल त्यांच्यासाठी होते, ते टेबलासाठी नव्हते. पाणीपुरी खाऊन ते परत आले, आपल्या खुर्चीवर बसले आणि वरणभात मागितला.

आठच्या सुमारास विहीणबाई आल्या. त्यांची जागा अर्थात फुलांच्या टेबलावर होती. त्यांनी इकडे पाहिले. त्यांच्या ८६ वर्षांच्या आई मरून कापडापाशी ताठ बसून कोशिंबीर खात होत्या. विहीणबाई म्हणाल्या, “माझे पान येथे मांडा.” केटररची धावपळ झाली. पंधरावी खुर्ची आली. आजींनी लेकीच्या पानाकडे एकदा पाहिले, मीठ योग्य जागी आहे याची खात्री केली, आणि कोणीही सुचवले नसताना विहिणीचे गाणे म्हणायला सुरुवात केली. दुसऱ्या बाजूने माझ्या आईने ते उचलले. मधली दोन कडवी दोघींनाही आठवेनात. त्यांनी ती गुणगुणून भरून काढली.

मी टेबलाच्या कडेने चालत होतो. कोणाचा भात तसाच आहे, कोणाचा पेला हाताबाहेर आहे, ते पाहत. काकांचे पान रिकामे झाले होते. टोकाला पोहोचल्यावर तोंडातून सहज निघून गेले, “सावकाश होऊ द्या.”

आईने मान वर करून माझ्याकडे पाहिले. ती ८२ वर्षांची आहे, तिला ऐकू कमी येते, पण हे शब्द तिने ओठांवरून ओळखले असावेत. घास तसाच हातात धरून ती म्हणाली, “आणि तू जेवलास का?”

मी सकाळपासून चहावर होतो. तिने शेजारची खुर्ची ओढली आणि त्या विशीच्या मुलाला खूण केली.